ईसॉपचा खर्च: भाव एकदाच ठरतो, माणसं दर मार्चला मोजायची

प्रश्न थोडक्यात असा. गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधली एक खासगी सॉफ्टवेअर कंपनी आहे, नेटवर्थ (भांडवल आणि राखीव निधी मिळून) २५० कोटींच्या बरीच खाली. ४० कर्मचाऱ्यांना ईसॉप योजनेत प्रत्येकी १,५०० ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचा शेअर घ्यायचे हक्क, दिले. पत्रं १० जून २०२३ ची, सभेचा ठराव १ जुलै २०२३ चा. एक्सरसाइज प्राइस (ऑप्शन वापरून शेअर घेताना भरायचा भाव) १०० रुपये, शेअरची दर्शनी किंमत १० रुपये, तीन वर्षांत तीन समान हप्त्यांत व्हेस्टिंग, म्हणजे हक्क पक्का होणं. दोन ताळेबंद सह्या होऊन गेले, पुस्तकात याची एक ओळ नाही. आता मार्च २०२६ चे हिशेब बंद करताना नव्या ऑडिटरने विचारलं, तर मालक म्हणतात, "खिशातून दमडी गेली नाही, मग खर्च कसला?" शिवाय १ एप्रिल २०२६ पासून चार सीनियर इंजिनिअरांना आरएसयू (रिस्ट्रिक्टेड स्टॉक युनिट, ठरावीक काळ टिकल्यावर शेअर द्यायचं वचन) द्यायचे आहेत. तेही याच पद्धतीने धरायचे का?

मालकांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सुटला नाही तर पुढची आकडेमोड कोणी वाचणार नाही. २५० रुपयांचा शेअर कंपनी १०० रुपयांत द्यायचं कबूल करते, ते त्या माणसाने तीन वर्षं काम करावं म्हणून. हाच मोबदला रोखीने दिला असता तर तो पगारात गेला असता. इथे तो जुन्या भागधारकांच्या हिश्श्यातून जातो. खर्च आहेच, फक्त देणारा खिसा वेगळा. म्हणून नोंदीची दुसरी बाजू बँकेत किंवा देण्यात जात नाही, भांडवलाच्या बाजूला बसते.

आता नियम कोणता. इंड एएस (मोठ्या कंपन्यांची हिशेबमानकं) लागू असलेल्या कंपन्यांना, म्हणजे लिस्टेड आणि २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थच्या अनलिस्टेड कंपन्यांना, इंड एएस १०२. तुमच्यासारख्यांना आयसीएआयची (सीएंच्या संस्थेची) शेअर-आधारित मोबदल्यावरची मार्गदर्शक टिपण, २०२० ची सुधारित; ती १ एप्रिल २०२१ पासूनच्या ग्रँटना, म्हणजे तेव्हापासून दिलेल्या ऑप्शन्सना, लागते. २००५ च्या जुन्या टिपणात आंतरिक मूल्य, म्हणजे ग्रँटच्या दिवशीचा शेअरचा भाव वजा एक्सरसाइज प्राइस, एवढंच धरायची मुभा होती. बाजारभावालाच ऑप्शन दिला की फरक शून्य आणि खर्चही शून्य. "ईसॉपचा खर्च येत नसतो" ही समजूत अजून फिरते ती तिथून आलेली. सुधारित टिपणात मोजणी वाजवी मूल्यावर, म्हणजे पुढे भाव चढण्याची शक्यता धरून निघणाऱ्या ऑप्शनच्या किमतीवर, आहे आणि तिचा सांगाडा इंड एएस १०२ चाच आहे, त्यामुळे खालचं गणित दोन्हीकडे चालतं.

सगळ्या प्रकरणाची किल्ली एकच आहे. काटोल-वरुडकडे संत्र्याचा सौदा हजारी भावाने, म्हणजे हजार फळांच्या दराने, होतो. भाव सौद्याच्या दिवशी पक्का होतो, फळं तोडणीला मोजतात. मधल्या काळात नागपूरच्या कळमन्याचा बाजार चढला म्हणून सौद्याचा भाव बदलत नाही, आणि गळ झाली तर फळं कमी भरतात. ईसॉपचंही तसंच. दर ऑप्शनचं वाजवी मूल्य ग्रँटच्या दिवशी एकदा ठरतं आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. बदलते ती संख्या: किती जण टिकतील याचा अंदाज, आणि शेवटी किती जण खरोखर टिकले. दर ३१ मार्चला कंपनीचं नवं मूल्यांकन घेऊन ऑप्शनचा भाव बदलणारी शीट असेल तर ती सरळ चूक आहे.

मग ग्रँटचा दिवस कोणता? पत्राचा नव्हे. देणारा आणि घेणारा यांना अटी सारख्या कळलेल्या असणं आणि लागणारी मंजुरी मिळालेली असणं, दोन्ही जमली तो दिवस. कंपनी कायद्याच्या कलम ६२(१)(ब) खाली भागधारकांचा ठराव लागतो. एरवी तो विशेष ठराव, खासगी कंपन्यांना ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने साधा ठराव पुरतो. तो तुमच्याकडे १ जुलै २०२३ ला झाला, म्हणून ग्रँटची तारीख १ जुलै. १० जूनच्या पत्राने हिशेबात काही घडलं नाही. तुमच्या पत्रात व्हेस्टिंग ठरावापासून मोजायचं लिहिलं आहे, तेव्हा सेवेचा काळही तिथूनच सुरू. पत्रात "एप्रिलपासून" असं असतं तर खर्च एप्रिलपासूनच अंदाजी मूल्यावर सुरू करावा लागला असता आणि १ जुलैला ते मूल्य पक्कं करावं लागलं असतं. वर ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष हवं, ही कंपनी कायद्याखालच्या भागभांडवल नियमांतल्या नियम १२ ची अटही मोडली असती. तो नियम आणखी एका ठिकाणी अडवतो: प्रवर्तक, आणि स्वतः किंवा नातलगांमार्फत १० टक्क्यांहून जास्त शेअर असलेला संचालक यांना ऑप्शन देता येत नाही. मान्यताप्राप्त स्टार्टअपला स्थापनेपासून १० वर्षं ही बंदी नाही. यादीत संचालकाचा मुलगा असेल तर आधी हे तपासा, आकडेमोड नंतर.

आता भाव काढू. ब्लॅक-शोल्सला, म्हणजे ऑप्शनची किंमत काढायच्या सूत्राला, सहा गोष्टी लागतात: शेअरचं आजचं मूल्य, एक्सरसाइज प्राइस, अपेक्षित आयुष्य (ऑप्शन वापरेपर्यंतचा काळ), व्होलॅटिलिटी (शेअरचा भाव किती हेलकावतो ते), जोखीममुक्त व्याजदर आणि लाभांश. अनलिस्टेड कंपनीचा शेअर बाजारात हलत नाही, म्हणून व्होलॅटिलिटी त्याच धंद्यातल्या चार-सहा लिस्टेड कंपन्यांच्या भावावरून घ्यायची, आणि तीही अपेक्षित आयुष्याएवढ्याच मागच्या काळाची. मोठ्या कंपन्या निवडल्या की आकडा खाली येतो. तुमच्या आकाराला जवळच्या निवडा आणि का निवडल्या ते दोन ओळींत लिहून ठेवा, ऑडिटर तेच मागतो. व्याजदर सरकारी रोख्यांच्या त्याच मुदतीच्या परताव्यावरून.

अपेक्षित आयुष्यात लोक हमखास चुकतात. योजनेत व्हेस्टिंगनंतर चार वर्षं एक्सरसाइजची मुभा आहे म्हणून आयुष्य पूर्ण पाच, सहा, सात वर्षं धरतात. माणसं शेवटच्या दिवसापर्यंत थांबत नाहीत. मागचा अनुभव नसेल तर व्हेस्टिंगपर्यंतचा काळ आणि एक्सरसाइजच्या मुदतीचा अर्धा, एवढं धरण्याची रीत आहे. तुमच्या तीन हप्त्यांना त्याने ३, ४ आणि ५ वर्षं येतात. शेअर २५०, एक्सरसाइज १००, व्होलॅटिलिटी ४५ टक्के, व्याज ७ टक्के, लाभांश नाही, असं धरलं तर दर ऑप्शनचं मूल्य पहिल्या हप्त्याचं १७२, दुसऱ्याचं १७९, तिसऱ्याचं १८६ रुपये.

व्होलॅटिलिटीवर किती डोकं घालायचं हे एक्सरसाइज प्राइसवर ठरतं. तुमच्याकडे ती शेअरच्या मूल्याच्या बरीच खाली आहे, त्यामुळे ४५ ऐवजी ३५ टक्के धरले तरी दुसऱ्या हप्त्याचं मूल्य १७९ वरून १७६ वर येतं, बस. हाच ऑप्शन २५० रुपयांना दिला असता तर त्याच बदलाने ११० चे ९५ झाले असते. म्हणजे १०० रुपयांच्या एक्सरसाइजला व्होलॅटिलिटीवर महिनाभर वाद घालण्यात अर्थ नाही. तो वेळ शेअरच्या २५० रुपयांच्या आकड्यावर घाला. तो चुकला तर सगळंच चुकतं.

हप्ते वेगळे का धरायचे? कारण तीन टप्प्यांत व्हेस्ट होणारी ग्रँट म्हणजे हिशेबात तीन स्वतंत्र ग्रँट्स. पहिला हप्ता १२ महिन्यांत, दुसरा २४ महिन्यांत, तिसरा ३६ महिन्यांत वाटायचा, तिघांची सुरुवात मात्र एकाच दिवशी. दर हप्त्यात माणशी ५०० ऑप्शन्स. सुरुवातीचा अंदाज असा धरू की ४० पैकी पहिल्या तारखेपर्यंत ३६, दुसरीपर्यंत ३४, तिसरीपर्यंत ३२ टिकतील.

३१ मार्च २०२४, नऊ महिने झाले:
पहिला हप्ता: १८,००० × १७२ × ९/१२ = २३,२२,०००
दुसरा हप्ता: १७,००० × १७९ × ९/२४ = ११,४१,१२५
तिसरा हप्ता: १६,००० × १८६ × ९/३६ = ७,४४,०००
वर्षाचा खर्च ४२,०७,१२५ रुपये.

एकूण अंदाजी खर्च ९१,१५,००० रुपयांचा. म्हणजे ३६ पैकी नऊच महिने झाले आणि ४६ टक्के खर्च बसलासुद्धा. सगळं एकत्र करून सरळ ३६ महिन्यांत वाटलं असतं तर पहिल्या वर्षी २२,७८,७५० आले असते. अमेरिकी नियमांत, फक्त सेवेची अट असेल तर तशी सरळ वाटणी निवडता येते. इंटरनेटवरून उतरवलेली तयार शीट बहुतेक वेळा तिकडची असते आणि ही चूक तिच्यासोबत चालत येते. आपल्याकडे ती मुभा नाही.

३१ मार्च २०२५ ला पहिला हप्ता व्हेस्ट होऊन गेला आहे, टिकले ३५. पुढचे अंदाज ३२ आणि ३० वर आणले. आता वर्षाचा खर्च थेट काढायचा नाही. आजवरचा एकूण काढायचा आणि त्यातून आधी धरलेला वजा करायचा:
पहिला: १७,५०० × १७२ = ३०,१०,०००
दुसरा: १६,००० × १७९ × २१/२४ = २५,०६,०००
तिसरा: १५,००० × १८६ × २१/३६ = १६,२७,५००
आजवर ७१,४३,५००; वजा ४२,०७,१२५; वर्षाचा खर्च २९,३६,३७५ रुपये.

मार्च २०२६ ला दुसऱ्या हप्त्याला प्रत्यक्ष ३१ जण होते, म्हणजे १५,५०० × १७९ = २७,७४,५००. तिसऱ्याला अंदाज ३० वरच, १५,००० × १८६ × ३३/३६ = २५,५७,५००. पहिल्याचे ३०,१०,००० तसेच. आजवर ८३,४२,०००, वर्षाचा खर्च ११,९८,५००. तुमचे खरे आकडे वेगळे निघतील, पण शीटची रचना हीच ठेवा: दर ओळीला एक माणूस, त्याचे तीन हप्ते, शेवटी आजवरचा खर्च. आजवरच्या रकमेतून मागची वजा करायची शिस्त पाळली की अंदाजातला फरक आपोआप चालू वर्षात येतो, मागची वर्षं उघडावी लागत नाहीत.

नोंद दर वेळी एकच. ईसॉप खर्च खाते नावे, शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग खाते जमा. पहिलं कर्मचारी लाभ खर्चाच्या टिपणीत स्वतंत्र ओळीत दिसतं, दुसरं रिझर्व्हज अँड सरप्लसमध्ये. टॅलीत हे लेजर करंट लायबिलिटीजखाली उघडलेलं फार ठिकाणी सापडतं. मग बँकेला दिलेल्या पत्रकात देणी फुगतात आणि करंट रेशो विनाकारण पडतो. प्रत्येक हप्त्याचं वेगळं लेजर उघडा, एक्सरसाइज आणि लॅप्सच्या (ऑप्शन न वापरता बुडण्याच्या) वेळी कोणत्या भावाने उचलायचं ते शोधत बसावं लागत नाही.

एक्सरसाइज झाला की काय होतं ते एका नोंदीत पाहा. पहिल्या हप्त्यातले ६,००० ऑप्शन्स वापरले. बँक नावे ६,००,०००. शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग नावे ६,००० × १७२ म्हणजे १०,३२,०००. शेअर भांडवल जमा ६०,०००, सिक्युरिटीज प्रीमियम जमा १५,७२,०००. त्या दिवशी शेअरचं मूल्य ३२० असो की ५००, हिशेबाच्या पुस्तकात ते येतच नाही. खर्चही पुन्हा येत नाही. शेअर वाटपानंतर ३० दिवसांत पीएएस-३ हा फॉर्म भरायचा, आणि ऑप्शन्सची नोंदवही एसएच-६ या नमुन्यात ठेवायची.

न वापरलेल्या ऑप्शन्सच्या बाबतीत दोन प्रसंग एकसारखे दिसतात, वागवायचे वेगळे. माणूस व्हेस्टिंगच्या आधी गेला तर त्याच्या न व्हेस्ट झालेल्या हप्त्यांवर धरलेला खर्च उलटतो, नफा-तोट्यातून. व्हेस्ट झाल्यावर त्याने मुदतीत वापरलेच नाहीत तर नफा-तोट्याला हात लावायचा नाही. त्याने काम केलं होतं, आपण मोबदला दिला होता, त्याने तो घेतला नाही एवढंच. २,००० ऑप्शन्स असे गेले तर ३,४४,००० रुपये आउटस्टँडिंग खात्यातून जनरल रिझर्व्हला. हे उलटून "इतर उत्पन्न" दाखवलं की ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

संख्येचा घोटाळा होतो तो एचआर आणि अकाउंट्सच्या दोन याद्यांमुळे. एकाने फेब्रुवारीत राजीनामा दिला, ९० दिवसांची नोटीस, शेवटचा दिवस मे महिन्यात. ३१ मार्चला तो पगारपत्रकावर आहे म्हणून अकाउंट्सच्या शीटमध्येही आहे. पण ३० जूनच्या व्हेस्टिंगला तो नसणार, हे मार्चलाच माहीत आहे. त्याला अंदाजातून काढलंच पाहिजे. म्हणून ३१ मार्चला एचआरकडून हजर लोकांची नव्हे, नोटिशीवर असलेल्यांची यादी मागवा. बिनपगारी लांब रजेवर गेलेल्यांचं योजनेत काय लिहिलंय तेही त्याच वेळी पाहा. काही योजनांत व्हेस्टिंग तेवढं पुढे सरकतं.

आता आरएसयू. कंपनी कायद्यात आरएसयू नावाचं वेगळं काही नाही. कलम ५३ मुळे दर्शनी किमतीच्या खाली शेअर देता येत नाही, कर्मचाऱ्यांपुरती स्वेट इक्विटी (कौशल्याच्या किंवा योगदानाच्या मोबदल्यात दिलेले शेअर) तेवढी अपवाद. म्हणून आपल्याकडचा आरएसयू म्हणजे दर्शनी किमतीला एक्सरसाइज होणारा ऑप्शन, आणि त्यालाही कलम ६२(१)(ब) चा ठराव आणि एक वर्षाची अट आहेच. अमेरिकेत ज्याला रिस्ट्रिक्टेड स्टॉक म्हणतात तो प्रकार निराळा. तिथे शेअर आजच नावावर होतो आणि अट मोडली तर परत जातो. आरएसयूमध्ये आज हातात फक्त वचन असतं.

मोजायला आरएसयू सोपा. एक्सरसाइज १० रुपये म्हटल्यावर ब्लॅक-शोल्सची गरजच उरत नाही. शेअरचं मूल्य वजा त्या १० रुपयांची आजची किंमत. कंपनी लाभांश देत असेल आणि मधल्या काळात तो या माणसाला मिळणार नसेल तर तोही वजा. समजा १ एप्रिल २०२६ ला शेअर ३२०, तीन वर्षांनी एकदम व्हेस्टिंग. १० रुपयांची आजची किंमत ७ टक्क्यांनी सुमारे ८, म्हणून दर आरएसयू ३१२. चौघांना प्रत्येकी २,००० दिले तर २४,९६,००० रुपये, पहिल्या वर्षी त्याचा तिसरा हिस्सा ८,३२,०००. दुसऱ्या वर्षी एक जण गेला, तिघेच टिकणार. ६,००० × ३१२ × २/३ = १२,४८,००० आजवर, म्हणून वर्षाचे ४,१६,०००.

अवघड भाग अटींचा आहे. "तिसऱ्या वर्षी उलाढाल ६० कोटी झाली तरच" अशी अट घातली तर ती कामगिरीची, पण बाजाराशी न जोडलेली अट. ती ३१२ च्या भावात घुसवायची नाही, संख्येत धरायची. ६० कोटी होतील असं दिसतंय तोवर खर्च धरायचा. तिसऱ्या वर्षी ते होणार नाही असं स्पष्ट झालं तर आजवरचे १२,४८,००० पूर्ण उलटतात. अट शेअरच्या भावाशी जोडलेली असेल, समजा "शेअर ६०० रुपयांवर गेला तर", तर नेमकं उलटं. ती शक्यता ग्रँटच्या दिवशीच भावात धरली जाते, त्यासाठी माँटे कार्लोसारखी, भावाच्या हजारो शक्य वाटा मोजणारी पद्धत लागते. आणि शेअर कधीच ६०० ला गेला नाही तरी माणूस टिकला असेल तर खर्च उलटत नाही. मालकांना हे पचत नाही. म्हणून अट लिहिण्याआधीच त्यांना हा फरक सांगा. कामगिरी "व्यवस्थापनाच्या मतानुसार" ठरेल असं वाक्य पत्रात असेल तर ते काढायला लावा. मोजमाप मोघम राहिलं की अटी दोघांना सारख्या कळल्यात असं म्हणता येत नाही, ग्रँटची तारीख लटकते आणि भावही पक्का होत नाही.

योजनेत नंतर बदल करायची हौस सगळ्यांना असते. एक्सरसाइज प्राइस १०० ची ६० केली तर बदलाच्या दिवशी जुन्या आणि नव्या अटींवर मूल्य काढायचं. वाढलेला फरक उरलेल्या काळात वाटायचा, आणि व्हेस्ट झालेल्यांवरचा लगेच. मूळ खर्च चालूच राहतो. बदल कर्मचाऱ्याच्या तोट्याचा असेल तर तो हिशेबाला दिसतच नाही, जुनाच खर्च चालतो. योजना रद्द केली तर सुटका नाही, उलट उरलेला सगळा खर्च त्याच दिवशी बसतो. "योजना गुंडाळली, खर्च वाचला" असं बोर्डात कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

आणि एक सवय जपून लावा. लोक सोडून जाताना कंपनी त्यांचे ऑप्शन्स रोखीने परत घेते, एकदा नाही, दर वेळी. मग ही शेअर देणारी योजना राहत नाही, रोखीची होते. तिचं देणं ताळेबंदात धरायचं आणि दर ३१ मार्चला नव्या भावाने मोजायचं. संत्र्याचा पक्का भाव तिथे लागू नाही. फँटम स्टॉक आणि रोखीने चुकते होणारे शेअर अॅप्रिसिएशन राइट्स, म्हणजे शेअर न देता त्याच्या भावाएवढे किंवा भाववाढीएवढे पैसे देणाऱ्या योजना, पहिल्या दिवसापासून याच गटात.

नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात अमेरिकी मूळ कंपनीच्या उपकंपन्या आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा दिसतो पण नोंद तीच. शेअर परदेशी कंपनी देते, काम नागपुरात होतं, म्हणून खर्च नागपूरच्या पुस्तकात. जमा बाजू मूळ कंपनीचं भांडवली योगदान. तिने त्यापोटी बिल पाठवलं तर तेवढं योगदान कमी करून देणं उभं करायचं. ते बिल दुसऱ्यांदा खर्चाला टाकलेलं बऱ्याचदा दिसतं. आणि टीडीएस कापण्याची जबाबदारी इथल्या मालकाचीच, शेअर कुठूनही आलेला असो.

टीडीएसवर थोडं थांबू, कारण लोकांचा राग तिथे निघतो. हिशेबाचं १७२ आणि करातलं मूल्य यांचा काही संबंध नाही. १९६१ च्या कायद्यातल्या कलम १७(२)(vi) प्रमाणे एक्सरसाइजच्या दिवशीचं मूल्य वजा भरलेली रक्कम, हे पगारातलं पर्क्विझिट, म्हणजे करपात्र लाभ. अनलिस्टेड शेअरसाठी ते मूल्य मर्चंट बँकरचं लागतं, आणि त्याची तारीख एक्सरसाइजच्या आधी १८० दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. सीएने काढलेलं मूल्य कितीही बरोबर असलं तरी इथे उपयोगाचं नाही. म्हणून एक्सरसाइज वर्षभर खुला न ठेवता वर्षातून दोन ठरावीक खिडक्या ठेवा, एका अहवालात सगळे बसतात. आता एका माणसाचं गणित. ५०० ऑप्शन्स, मूल्य ३२०, फरक २२०, पर्क्विझिट १,१०,०००. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सेससह ३४,३२० रुपये कर. वर एक्सरसाइजचे ५०,०००. म्हणजे जो शेअर आज कोणी विकत घेणार नाही, त्यासाठी खिशातून ८४,३२०. हे ग्रँटच्या पत्रासोबतच सांगितलं पाहिजे, पगाराच्या स्लिपवर कळू नये. स्टार्टअपना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे, पण कलम ८०-आयएसीचं (स्टार्टअपच्या नफ्यावरच्या करसवलतीचं) प्रमाणपत्र असलेल्यांनाच. नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता पुरत नाही, आणि माणूस नोकरी सोडताच ही सवलत संपते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. नव्या पत्रांत जुने छापू नका.

कंपनीला या खर्चाची आयकरात वजावट मिळते का? बायोकॉनच्या प्रकरणात बंगळुरूच्या न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २०१३ मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हो म्हटलं. नागपूरवर तो निकाल थेट बंधनकारक नाही, वजन मात्र आहे. मागताना तुमच्या सल्लागाराला आधी विचारा.

प्रति शेअर मिळकतीत डायल्यूटेड आकडा (ऑप्शन्सचे शेअर झाले असं धरून निघणारा) काढताना भविष्यात येणाऱ्या एक्सरसाइजच्या पैशात अजून न धरलेला खर्चही मिळवायचा, एवढं लक्षात ठेवा.

राहिली मागची दोन वर्षं. तुम्ही इंड एएसवर नाही, एएस ५ वर (जुन्या हिशेबमानकांवर) आहात. म्हणून मागच्या वर्षांचे आकडे बदलून छापायचे नाहीत. ३१ मार्च २०२५ पर्यंतचे ७१,४३,५०० चालू वर्षाच्या नफा-तोट्यात 'पूर्वकालीन बाब' म्हणून स्वतंत्र ओळीत दाखवायचे, आणि यंदाचे ११,९८,५०० कर्मचारी लाभ खर्चात. इंड एएसची कंपनी असती तर मागची वर्षंच सुधारून छापावी लागली असती. कंपनी कायद्याच्या कलम १३१ खाली एनसीएलटीची (कंपनी कायदा न्यायाधिकरणाची) परवानगी घेऊन जुने ताळेबंद उघडण्याचा रस्ताही आहे, पण एवढ्यासाठी तो कोणी धरत नाही. मालकांना नफा पडलेला बघवणार नाही, तेव्हा सही करण्याआधी त्यांच्यासमोर भांडवलाची बाजू उघडून ठेवा: नफ्यातून ८३,४२,००० गेले, तितकेच शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंगमध्ये आले, नेटवर्थ रुपयानेही हललं नाही. बँकेचा कर्जकरार मात्र एकदा वाचून घ्या. त्यात अट नेटवर्थवर असेल तर काही होत नाही; नफ्यावर किंवा व्याज भरण्याच्या क्षमतेवर असेल तर पत्रक पाठवण्याआधी शाखेत जाऊन ही ओळ समजावून या.